बबिताच्या नंबरावरून

माझ्या खानावळीत भाकऱ्या थापायला बसती ती बबिता. क्लासची पोरं तिला मुकी समजतात. मुकी न्हाई ती, बोलायचंच नसतं तिला. परवा एक नवं पोरगं मला म्हणलं, काकू, ह्या मावशींचा नंबर द्या की, डबा सांगायला बरं. मी म्हणलं, डबा मला सांग, तिच्याकडं मोबाईल न्हाई. तर दात काढून म्हणतंय, आजकाल भीक मागणाऱ्याकडं बी मोबाईल असतो. लई जीभ चालती ह्यांची. त्याच्या ताटात त्या दिवशी भाजी कमीच वाढली मी.

मी कौशल्याबाई. बीडला क्लासच्या गल्लीत खानावळ चालवते. बबिताचं माहेर आणि माझं सासर एकच गाव, चौसाळ्यापासून आत. तिचा बाप सटवा मेंढरामागं फिरायचा, आणि बापामागं ह्या दोघी पोरी, थोरली मनिषा, धाकटी बबिता. शाळा दोघींनी बाहेरूनच बघितली. पुढं पाणी हटलं, चारा हटला, मेंढरं विकली, आणि दोघींची लग्नं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत झाली. मनिषा बंकटला दिली, बबिता लखनला. ऊसतोडीत माणसं मोजत न्हाईत, कोयते मोजतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मी बी तोडलाय ऊस, नवरा होता तवर. तो गेला आणि मी अर्धी झाले, अर्धीला कोण नेतंय? म्हणून ही खानावळ टाकली.

मनिषा फडातच गेली. ताप डोक्यात चढलता. गाडी भरून होऊ द्या, मग दवाखान्यात नेऊ, म्हणले. गाडी भरली तवर बाई थंड पडलती. मी बाजूच्याच पाचटाच्या कोपीत होते. तिची ऋतुजा तेव्हा नुकती धरून धरून उभी राहायला लागलेली. इकडं बबिताला पोरबाळ न्हाई. दोनदा पोटातच गेलं, मग अंगावरून जायला लागलं, फडात खाडे पडायला लागले, तर सगळ्यांनी मिळून तिची पिशवीच काढायला लावली. तिशी बी आलेली न्हवती. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते तिच्याकडं बघूनच म्हणत असतील. हंगामात टोळीतली सगळी लेकरं आईबापामागं फडात जातात, ऋतुजाला मात्र बबितानं भांडून गावात आजीपाशी ठेवलं, शाळेत टिकवलं. पोरगी दहावी झाली. नर्स व्हायचं म्हणाली. बबितानं मला ते सांगितलं तेव्हा तिचा तोरा असा, की पोरगी जणू झालीच नर्स.

आणि मग बंकटनं पोरीची सोयरीक जमवली.

बंकट राक्षस न्हाई, ते बी सांगून टाकते. आजी वारली. जवान पोरगी सहा महिने घरात एकटी कुणाच्या भरवशावर टाकायची, ही त्याची भीती, आणि ती आमच्याकडं घरोघरची भीती हाय. शहादेव मुकादमानं त्या भीतीवर बरोबर बोट ठेवलं. मेल्याचं नाव घेतलं तरी तोंड कडू होतं माझं. कडा गावाकडचा माणूस, बंकट आणि लखन दोघं त्याच्याच टोळीत. त्याच्या बहिणीचा पोरगा अभिमन्यू बिनलग्नाचा, म्हणजे अर्धा. ऋतुजा मिळाली की कोयता पुरा. बाकी कुठलं सोयरंधायरं न् काय! पोरीला सतरावं बी पुरं न्हवतं.

पोळा झाल्यावर एका सकाळी बबिता तिला घेऊन माझ्या दारात उभी. बसायच्या आधी म्हणली, "आक्का, अठरा पुरी होईस्तवर हिला ठेव. ही कुठं हाय हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला कळायला नको." अठरा झाली की पोरीच्या मर्जीबिगर काही करता येत न्हाई, हे तिनं अंगणवाडीच्या बाईकडून पक्कं विचारून आणलतं. मी काही फार विचार केला न्हाई. मनिषाला कोपीत निजवलेली मी बघितलीय, मग न्हाई कोणत्या तोंडानं म्हणू? ठेवली पोरीला. सकाळी माझ्याबरोबर कणीक मळायची, दुपारी माडीवर बसून अकरावीची पुस्तकं वाचायची. गावात बबितानं कानावर हात ठेवले, मला काय माहीत कुठं गेली, म्हणून. बंकटनं तिला मारलं बी. तिच्या तोंडून शब्द निघाला न्हाई.

पण दसरा झाला की टोळी निघणार होती, कर्नाटकाच्या हद्दीत. शहादेवला एक खोड. बायांचे मोबाईल मागून घ्यायचा, आण गं इकडं, बघू काय काय हाय त्यात. एकीनं भावाला पाठवलेलं रडगाणं त्यानं चार माणसांत वाजवून दाखवलतं. बबिता म्हणली, मी राहीन पोरीचा आवाज न ऐकता, पण ती राहणार न्हाई. पोरगी म्हणली, मी राहीन, मावशी राहणार न्हाई. दोघी खोटारड्या.

माझ्याकडं तेव्हा अजिनाथ सर जेवायला असायचे. क्लासमधी कॉम्प्युटर शिकवायचे. माणूस सज्जन, पण कुठल्याही गोष्टीचा कीस पाडणार. आमटीत मीठ जास्त झालं तर का झालं हे बी समजावून सांगणार. त्यांना मी भाचीच्या घरचं भांडण हाय एवढंच सांगितलं. ते म्हणाले, ज्याच्यावर सगळं जग बोलतं ते नको, मी वेगळं ॲप टाकून देतो. मी म्हणलं, कावून? माझा भाजीवाला, गॅसवाला, पोरांचे आईबाप, सगळे त्याच्यावरच हायत की. तर म्हणाले, काकू, ते कंपनीचं आहे. कुलूप आहे म्हणतात, असेलही चांगलं. पण ते आतून कसं बनवलंय हे कुणाला बघू देत नाहीत. आमच्यावर भरवसा ठेवा, एवढंच सांगतात. ह्या दुसऱ्याची सगळी बनावट उघड्यावर ठेवलेली आहे. जगातला कुणीही जाणकार ती वाचतो, तपासतो, खोट निघाली तर बोंब ठोकतो.

मी म्हणलं, उघडं हाय तर चोराला बी दिसंल. ते म्हणाले, कुलूप कसं बनतं ते कळल्यानं किल्ली हातात येत नाही. मग मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या चुलीला दार न्हाई. कुणीही यावं, झाकण उचलावं, तेल कोणतं घातलं ते बघावं. समोरच्या खानावळवाल्यानं पडदा लावलाय, आणि पडद्याआड काय चालतं ते त्याचं त्यालाच ठाऊक, वर म्हणतो भरवसा ठेवा. पटलं मला. आज बी पटतं. त्या दिवशी सर एक अक्षर झूट बोलले न्हाईत, आणि त्याचीच मला जास्त चीड येती.

टोळी निघायच्या आधी बबिता गुपचूप बीडला येऊन गेली, तेव्हा त्यांनी दोघींच्या मोबाईलवर ते ॲप चढवलं. ऋतुजाला मी माझा जुना मोबाईल दिलता. आपला नंबर टाकायचा, त्या नंबरावर आकडे येतात, ते भरायचे, झालं. मोबाईल कुणी हिसकला तरी उघडू नये म्हणून वरून पासवर्ड. मग सरांनी पोरीला सांगितलं, "ह्याच्यावर मावशीच्या नावानं जे येईल ते मावशीचंच. मधे कुणाला शिरता येत नाही." पोरगी अशी हसली, की बऱ्याच दिवसांनी तिचे सगळे दात दिसले.

एक गोष्ट तिथं निघालीच न्हाई. टोळी निघायच्या आधी मुकादम प्रत्येक कोयत्याला मोबाईल देतो, सिम घालून, आणि सिम असतं मुकादमाच्या नावावर. त्याचं आधार, त्याचा अंगठा, एकदम सात-आठ सिम. टोळीत हे इतकं रोजचं हाय, की त्यात सांगण्यासारखं काही असतं हे बबिताच्या ध्यानात यायचं कारणच न्हाई. मी तोडायला जायचे तेव्हा मोबाईलच न्हवते, मला ही तऱ्हा ठाऊक न्हवती. आणि सरांना, मोठ्या बाईचं सिम दुसऱ्याच्या नावावर असंल असं सपनात बी आलं नसतं. ते शिकलेल्या घरचे. त्यांच्याकडं ज्याचा नंबर तो त्याचा.

टोळी गेली. बबिताला वाचता येत न्हवतं, म्हणून सगळं बोलूनच. संध्याकाळी बांधावर चढलं की तिला रेंज मिळायची, मग तिचा आवाज यायचा. जेवलीस का, झोपतीस कुठं, काकूला त्रास देऊ नको. पोरगी ते माडीवर दार लावून पुन्हा पुन्हा ऐकायची. पुढं पोरीच्या डोक्यात भूत शिरलं, की मावशीला लिहायला शिकवायचं. कागदावर एकेक अक्षर मोठं काढायची, फोटो काढून पाठवायची, वर बोलून सांगायची, काडीनं मातीत गिरव. बबिता म्हणायची, गिरवलं गं. मग बाराखडी. बबिता म्हणायची, झाली गं बाराखडी. पोरगी सगळ्या खानावळीला सांगत सुटली. माझी मावशी आता लिहिती, म्हणायची, बघा काकू, एक दिवस तिचं लिहिलेलं येईल. मी म्हणायचे, आधी पातेलं घास.

तिकडं शहादेवनं एका संध्याकाळी बबिताचा मोबाईल घेतलाच. सगळं बघितलं, आणि एक चित्र त्याला अनोळखी दिसलं. उघडंना. उघड म्हणला, तिनं न्हाई उघडलं. वर ताठ मानेनं म्हणली, काय करायचं ते कर, ते तुझ्या बापाला बी उघडणार न्हाई. अगं माझ्या बाई! जन्मात कधी मुकादमाला उलटून बोलली न्हवती, ती नेमकी तेव्हाच बोलली, कुलपाच्या जोरावर. शहादेवनं मोबाईल गपचूप परत दिला. अभिमन्यू तेव्हा त्याच्याबरोबरच होता, आणि तो आधी मोबाईलच्या दुकानात बसलेला. त्यानं ॲपचं नाव बघून ठेवलतं.

पुढचं मला लखननं रडत रडत सांगितलं, सगळं होऊन गेल्यावर. शहादेव कड्याला आला. सिम हरवलं म्हणला, दुसरं द्या. त्याच्याच नावावरचं, त्याला कोण न्हाई म्हणणार? रीतसर मिळालं. इकडं बबिताच्या मोबाईलमधलं सिम मेलं. फडात रेंज न्हाई ही रोजचीच रड, तिला वाटलं टॉवर गेला असंल. अभिमन्यूनं ते नवं सिम आपल्या मोबाईलमधी घातलं, तेच ॲप चढवलं, बबिताचा नंबर टाकला. आकडे त्याच्याकडंच आले. कुलूप कुणी फोडलंच न्हाई. घरमालक म्हणून सरळ दारातून आत गेले मुडदे. आधीचं बोलणं त्यांना काही दिसलं न्हाई म्हणे. गरज बी न्हवती. सकाळी ऋतुजानं नेहमीसारखं बोलून पाठवलं, मावशी, दोन दिस झाले आवाज न्हाई तुझा, मला बीडला करमंना, तब्येत बरी हाय ना, बाराखडी विसरली न्हाईस ना. ते गेलं अभिमन्यूच्या हातात. बोलून उत्तर दिलं तर आवाज ओळखणार. आणि बीडचं, बाराखडीचं तर पोरीनंच सांगून टाकलतं.

त्यानं लिहून पाठवलं. मी बीडला आले, स्टँडवर हाय, कुणाला सांगू नको, ये.

मी तेव्हा बाजारात होते. परत आले तर परातीत कणीक अर्धी मळलेली, वर ओलं फडकं. साखराबाई, माझ्याकडं चपात्या लाटायला होती ती, म्हणली, पोरगी नाचत खाली आली, मावशीनं लिहिलं, मावशीनं लिहिलं, करत मला मोबाईल दाखवला, मला कुठं वाचता येतं, आणि चपला घालून पळाली. बबिता हंगाम सोडून बीडला येईलच कशी? रिक्षा केली, स्टँडवर गेले. सगळे फलाट बघितले, बायकांची मुतारी बघितली, रसवंतीवाल्याला विचारलं. तो म्हणला, एक पोरगी रडत होती, पण बापच होता तिचा बरोबर, जीपमधी बसवून नेलं. बाप हाय म्हणल्यावर कोण मधी पडतंय?

मी खाली बसले न्हाई. अर्ज दिले, फोन केले, दोन बाया घेऊन गावाला गेले. बंकटच्या घराला कुलूप. ती कुठल्या फडात हायत हे शोधून माणसं पोचली तवर अक्षता पडून गेलत्या. पोरीला विचारलं तर ती बापाकडं बघून म्हणली, माझ्या मर्जीनं झालं. आता कोर्टात तारखा पडत्यात.

पोरगी नेली त्या दिवशी रात्री सर जेवायला आले, त्यांना मी सगळं सांगितलं. हातातला घास ताटात ठेवून त्यांनी एकच विचारलं, सिम कुणाच्या नावावर होतं? बबितानं जाताना सांगितलेलं मोबाईल मुकादमानं दिला हे मला आठवलं, ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, नंबर दुसऱ्या मोबाईलवर चढला की ॲप बारीक अक्षरात एक ओळ दाखवतं, तीच धोक्याची खूण. आणि वरून अजून एक आकड्यांचं कुलूप घालता येतं, मग नुसत्या सिमवर काम होत नाही. त्या विसरतील आणि अडकतील म्हणून मी ते घातलं नाही. मी लई बोलले त्यांना. बनावट तपासली जगानं, आणि सिम कुणाचं हे एकानं बी विचारलं न्हाई व्हय? ताट तसंच ठेवून ते उठले. महिनाभरानं क्लास सोडून गेले.

बबिताला हे कळायला बरेच दिवस लागले. शहादेवनं ती जोडी दुसऱ्याच टोळीत लावलती, आणि हिच्या टोळीत तिला कुणी सांगितलंच न्हाई. कळलं तेव्हा तिनं मोबाईल शहादेवच्या अंगावर फेकला, फडातून चालत निघाली आणि माझ्याकडं आली. लखन आडवा आला न्हाई. मग तिनं एकच धोशा लावला, मला पोरीला भेटायचंय. मी लिहिलं न्हाई, एवढं तिला सांगायचंय. तिला वाटत असंल मावशीनंच विकली. जेवणात लक्ष न्हाई, झोप न्हाई. मी म्हणायचे, पोरगी शहाणी हाय, असं मानणार न्हाई ती. बबिता म्हणायची, सरांनीच तिला सांगितलंय, माझ्या नावानं येईल ते माझंच.

संक्रांत झाल्यावर अभिमन्यूची टोळी कड्याच्या पुढं, रस्त्याकडंच्या फडात उतरली असं कळलं. आम्ही दोघी एसटीनं गेलो. मुकादम नसंल अशी वेळ बघून गेलो. ऋतुजा मोळ्या बांधत होती. साडीवर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला फडकं, हाताला चिरा पडलेल्या. मला आधी ओळखूच आली न्हाई. बबिता तिच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि भडाभडा सांगायला लागली, सिमचं, कड्याचं, अभिमन्यूचं, मी न्हवते गं ती, मी न्हवते. पोरगी मोळी बांधत ऐकत होती. मग म्हणली, माहीत हाय मावशी, त्यानंच सांगितलं मला हसत हसत. तुझ्यावर माझा राग न्हाई.

मला वाटलं, सुटली बबिता. पोरीनं मोळीचा आळा आवळला, गाठ मारली, आणि मान वर करून विचारलं, "तू बाराखडी झाली म्हणायचीस, ती झालती का?"

बबितानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणली, "न्हाई गं. दिवसभर कोयता धरून बोटं वळायची न्हाईत. एक अक्षर बी आलं न्हाई मला. तुला बरं वाटायचं म्हणून म्हणत होते."

ऋतुजानं डोक्याचं फडकं सारखं केलं. मग बोलली ते हळूच बोलली, राग नसल्यासारखं. "ती बारीक ओळ आलती मावशी. मी थबकले होते. सरांना दाखवू म्हणून उठले बी होते. पण खाली तुझं लिहिलेलं होतं. तुला लिहिता येत न्हाई एवढं मला ठाऊक असतं, तर मी गेले नसते."

तिकडून अभिमन्यूनं हाक मारली. तिनं मोळी उचलून डोक्यावर घेतली आणि ट्रॉलीकडं गेली. बबिता तिथंच पाचटावर खाली बसली. शेवटची एसटी चुकंल म्हणून मी तिला दंडाला धरून उठवलं.